सर आर्थर पिअर्सन व सेंट डन्स्टन्सचे घर

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण खेड्यांत राहणारे आहेत, आणि बहुतेक प्रत्येक खेड्यात असे एखादे घर असतेच, की ज्याच्या ओसरीवर दृष्टी गेलेला कोणी मनुष्य सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलेला आढळतो. कोणे एके काळी तो घरचा कर्ता पुरुष होता. नांगर धरीत होता, बाजारहाट करीत होता, चार माणसांच्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन होते. डोळे गेले, आणि घरच्या माणसांनी मायेपोटी एकेक काम त्याच्या हातून काढून घेतले. आता पाण्याचा तांब्या त्याच्या हातात आणून दिला जातो, भाकर पुढ्यात येते, कोणी त्यास उणा शब्द बोलत नाही. तथापि तो मनुष्य दिवसेंदिवस खचत जातो. असे का व्हावे, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो विचार ज्यांनी स्वतःची दृष्टी गमावल्यावर केला, आणि त्याचे फळ शेकडो लोकांच्या पदरी घातले, त्या सर आर्थर पिअर्सन ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

सिरिल आर्थर पिअर्सन ह्यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८६६ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वुकी नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील इंग्लंडच्या मंडळीचे पाळक होते. पाळकाच्या घरात पुस्तके बरीच आणि पैसा बेताचा, ही गोष्ट तिकडे काय आणि इकडे काय, सारखीच. मुलास विंचेस्टर येथील नामांकित शाळेत पाठविण्यात आले खरे, परंतु तेथे त्याचे शिक्षण फार काळ चालू शकले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात तो घरी परत आला.

त्या दिवसांत लंडन शहरी टिट-बिट्स नावाचे एक लोकप्रिय साप्ताहिक निघत असे. १८८४ साली त्या पत्राने वाचकांकरिता प्रश्नांची एक चढाओढ लाविली. आठवड्यामागून आठवडे प्रश्न छापून येत, आणि सर्वांत अधिक अचूक उत्तरे देणारास त्याच पत्राच्या कचेरीत वर्षाला शंभर पौंडांची नोकरी मिळावयाची होती. पाळकाच्या घरी सर्व प्रश्नांची उत्तरे सापडतील इतका ग्रंथसंग्रह कोठून असणार? तेव्हा हा मुलगा सायकलीवर बसून दूरच्या बेडफर्ड गावी जाई, तेथील ग्रंथालयात पुस्तके चाळी, उत्तरे उतरून घेई आणि पुन्हा तितकीच मजल मारून घरी येई. चढाओढीत तो पहिला आला व अठराव्या वर्षी लंडनला कारकून झाला. अडचण पुढे आली म्हणजे तिच्यापुढे हात जोडून बसावयाचे नाही, तिला वळसा घालून जाणारी वाट शोधावयाची, हा त्यांचा स्वभाव ह्या पहिल्याच गोष्टीत दिसून येतो.

कारकुनाचा व्यवस्थापक होण्यास त्यांस फार काळ लागला नाही. १८९० साली त्यांनी ती नोकरी सोडून पिअर्सन्स वीकली हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचा खप लवकरच लाखांच्या घरात गेला. पुढे आणखी मासिके व वर्तमानपत्रे निघाली. २४ एप्रिल १९०० रोजी त्यांनी डेली एक्सप्रेस हे दैनिक सुरू केले. त्या वेळी इंग्लंडातील मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जाहिराती छापण्याची रीत होती. पिअर्सन ह्यांनी ती मोडून पहिल्याच पानावर बातम्या दिल्या. १९०४ साली स्टँडर्ड हे जुने पत्रही त्यांच्या हाती आले. जगभर पसरलेल्या बालवीर चळवळीचा मूळ ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला, तोही त्यांच्याच प्रकाशनसंस्थेने काढला होता.

ह्या सर्व उलाढालीविषयी आम्ही विस्ताराने लिहीत नाही. ज्या राजकीय वादांत त्यांनी आपली वर्तमानपत्रे खर्ची घातली, ते वाद आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. एक गोष्ट मात्र सांगावयास हवी. १८९२ साली त्यांनी एक निधी उभारून शहरांतील गरिबांच्या मुलांस एक दिवस खेड्यातील मोकळ्या हवेत नेण्याची सोय केली. धुराने भरलेल्या गल्ल्यांत जन्मलेल्या ज्या पोरांनी हिरवे शेत कधी पाहिले नव्हते, त्यांस ते पाहावयास मिळू लागले. पैसा मिळविण्याची जशी त्यांस हातोटी होती, तशीच चांगल्या कामाकरिता लोकांकडून पैसा काढण्याचीही होती. ही दुसरी हातोटी पुढे फार मोठ्या कामी आली.

पिअर्सन ह्यांचे डोळे पहिल्यापासून अधू होते. त्यांस काचबिंदू झाला. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन अगदी निराळे रोग आहेत, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते, आणि ते काढून टाकिले असता बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत बहुतकरून डोळ्यातील दाब वाढून, डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू हळूहळू नष्ट होतो. ह्या रोगाने एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. वेळीच उपचार झाले तर उरलेली मात्र राखता येते. पिअर्सन ह्यांच्यावर १९०८ साली शस्त्रक्रिया झाली, परंतु तीस यश आले नाही. वाचणे व लिहिणे प्रथम कठीण आणि पुढे अशक्य झाले. १९१० साली स्टँडर्ड विकावे लागले, आणि त्यामागून इतर वर्तमानपत्रांशीही त्यांचा संबंध सुटत गेला. थोड्याच वर्षांत त्यांच्या जगातला उजेड संपला. लक्षावधी लोकांस दररोज वाचावयास देणारा मनुष्य स्वतः एक अक्षरही वाचू शकेनासा झाला.

ह्या प्रसंगी त्यांचे वय पन्नाशीच्या आतच होते. घरी संपत्ती होती, चाकर होते, प्रेमळ पत्नी होती. वाटते तर आरामखुर्चीत बसून उरलेले आयुष्य इतरांच्या हातांनी जगण्यास त्यांस कोणतीच अडचण नव्हती. परंतु आपण ओसरीवरचा आंधळा व्हावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. आपली कामे ते आपणच करू लागले. कोणती वस्तू कोठे ठेविली हे लक्षात ठेवणे, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखणे, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर पायांस शिकविणे, हा त्यांचा नवा अभ्यास झाला. प्रौढपणी बोटांस नवीन अक्षरे शिकविणे सोपे नसते, तरी ते ब्रेल लिपी शिकले.

ही लिपी काय आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फ्रान्स देशातील लुई ब्रेल हे लहानपणीच आंधळे झालेले गृहस्थ. त्यांनी कागदावर उठविलेल्या सहा टिंबांच्या निरनिराळ्या मांडणीतून सर्व अक्षरे साधण्याची युक्ती काढिली व १८२९ साली ती प्रसिद्ध केली. टिंबांची ती चौकट बोटाच्या अग्राखाली पुरती मावते. म्हणून बोट ओळीवरून सरकत गेले की वाचन होते. आणि अणकुचीदार आराने कागद टोचला की लेखन होते. जी अक्षरे डोळस लोकांच्या अक्षरांसारखी दिसावीत म्हणून उठावाने छापीत असत, ती बोटास ओळखणे फार जड जाई. ब्रेल ह्यांनी डोळ्यांची सोय पाहिली नाही, बोटांची पाहिली. ह्यातच त्यांच्या शोधाचे मर्म आहे.

लंडन येथे आंधळ्यांच्या हितासाठी एक राष्ट्रीय संस्था होती. ती १८६८ साली डॉक्टर आर्मिटेज ह्यांनी स्थापिलेली. त्यांचीही दृष्टी गेलेली होती. पिअर्सन ह्या संस्थेच्या कामात शिरले, आणि १९१४ साली तिचे अध्यक्ष झाले. तिला ब्रेल पुस्तके छापण्यास द्रव्याची नेहमी चणचण असे. वर्तमानपत्राच्या धंद्यात मिळविलेली सारी चतुराई त्यांनी आता इकडे लाविली. संस्थेचे वार्षिक उत्पन्न आठ हजार पौंडांच्या आसपास होते, ते त्यांच्या आठ वर्षांच्या खटपटीने तीन लक्ष साठ हजारांपर्यंत वाढले.

इतक्यात १९१४ सालच्या ऑगस्ट महिन्यात युरोपातील महायुद्ध पेटले. खंदकांतून लढणाऱ्या शिपायाचे डोके तेवढे वर निघे, आणि फुटणाऱ्या गोळ्यांचे तुकडे तोंडावर येत. ह्यामुळे हात-पाय धड असलेले, वीस-बावीस वर्षांचे तरुण दोन्ही डोळे गमावून इस्पितळांत येऊ लागले. ह्या तरुणांचे पुढे काय व्हावयाचे? आजवरच्या वहिवाटीप्रमाणे त्यांस पेन्शन मिळाले असते, शेजाऱ्यांची कीव मिळाली असती, आणि ते चाळीस-पन्नास वर्षे खुर्चीत बसून राहिले असते. पिअर्सन त्यांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागले. डोळस माणसाने धीर दिला असता तर त्या तरुणांस वाटले असते, ह्याचे काय जाते! परंतु बोलणारा स्वतः आंधळा, आणि तरी मोकळा हसणारा, शहरभर कामाकरिता हिंडणारा. त्याचे बोलणे खोटे कसे म्हणावे?

तो अशा शिपायास एक घड्याळ भेट देत असे. त्या घड्याळाची काच उघडता येई, व काट्यांवरून आणि उठावाच्या टिंबांवरून बोट फिरविले की वेळ कळे. ही देणगी दिसावयास लहान, परंतु तिचा हेतू खोल होता. आंधळ्यास दिवस आणि रात्र एकच. किती वाजले हे प्रत्येक वेळी दुसऱ्यास विचारावे लागणे, ही परावलंबनाची पहिली पायरी होय. इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या त्या तरुणाने ती वेळ स्वतः पाहिली, म्हणजे डोळे गेल्यानंतरचे पहिले काम त्याने दुसऱ्याच्या मदतीवाचून केले.

१९१५ सालच्या आरंभी आंधळ्या शिपायांकरिता व खलाशांकरिता एक समिती नेमण्यात आली व लंडनमधील एका घरात मोजक्या शिपायांसह काम सुरू झाले. लवकरच ते घर अपुरे पडू लागले. तेव्हा ऑटो कान नावाच्या अमेरिकन सावकाराने रीजंट्स पार्क येथील आपला मोठा वाडा सभोवतालच्या विस्तीर्ण बागेसुद्धा ह्या कामी दिला. १९१५ सालच्या मार्च महिन्यात मंडळी तेथे राहावयास गेली. त्या वाड्याचे नाव सेंट डन्स्टन्स. हे नाव पडण्याचे कारण गमतीचे आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट डन्स्टन मंदिराचे एक जुने घड्याळ एका उमरावाने १८३० च्या सुमारास विकत घेऊन आपल्या ह्या वाड्यावर बसविले होते. त्यावरून वाड्यास ते नाव मिळाले. ते घड्याळ १९३५ साली पुन्हा आपल्या मूळ मंदिरी गेले. परंतु नाव मात्र आंधळ्यांच्या कार्यास कायमचे चिकटून राहिले.

ह्या घरात काय चालत असे, हे आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण चरित्राचा गाभा हाच आहे.

प्रथम चालणे. वाड्यात येण्याजाण्याच्या वाटेवर पायांस निराळा लागेल असा पट्टा अंथरलेला असे. त्यावरून गेले की मनुष्य खोलीतून खोलीत न अडखळता जाई. बागेत कठडे होते. वस्तूंच्या जागा ठरलेल्या होत्या, त्या कोणी हलवावयाच्या नव्हत्या. थोड्याच दिवसांत नवीन आलेला तरुण हात पुढे न करता सरळ चालू लागे. आमच्या घरांत आंधळ्या माणसाच्या वाटेत आज खाट, उद्या घमेले, परवा सायकल उभी करितात, आणि तो आपटला की त्याच्या नशिबास बोल लावितात. दोष नशिबाचा की घमेले ठेवणाराचा, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

दुसरे, वाचणे व लिहिणे. प्रत्येकास ब्रेल शिकवीत. प्रत्येकास टाइपरायटर चालविण्यासही शिकवीत, म्हणजे आपले पत्र दुसऱ्याकडून न लिहविता आईस किंवा पत्नीस स्वतः धाडता यावे. परीक्षेत उतरणारास टाइपरायटर कायमचा भेट मिळे. स्वतःचे खाजगी पत्र स्वतः लिहिता येणे, हे आपणांस इतके साधे वाटते की त्याची किंमत कळत नाही. ज्याचे प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या कानातून आणि हातातून जाते, त्यास ती विचारावी.

तिसरे, धंदा. टोपल्या विणणे, चटया करणे, जोडे दुरुस्त करणे, सुतारकाम, कोंबड्या पाळणे, टेलिफोनच्या कचेरीत काम करणे, लघुलेखन, आणि रोग्यांस शास्त्रोक्त मालिश करणे, इतके मार्ग खुले होते. ज्याचा जसा कल, जसे पूर्वीचे शिक्षण आणि जसा घरचा गाव, तसा त्याचा धंदा ठरे. खेड्यात जाणारास कोंबड्या किंवा जोड्यांचे काम सोयीचे. शहरी कारकुनास लघुलेखन. मालिश शिकणारास शरीरातील हाडे व स्नायू ह्यांचा पुरा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागे. असे शिकून तयार झालेले कित्येक जण पुढे लष्करी इस्पितळांतच कामास लागले, आणि ज्यांनी आपले डोळे रणांगणावर ठेविले होते, त्यांच्या हातांखाली दुसऱ्या जखमी शिपायांचे आखडलेले अवयव मोकळे होऊ लागले.

शिकविण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरविलेली होती. कामाचे तास थोडे असत. सकाळी काही, दुपारी काही. ह्याचे कारण असे, की ज्याने आजवर डोळ्यांनी शिकले, त्यास बोटांनी व कानांनी शिकताना मनावर दुप्पट ताण पडतो. दमलेल्या मनास बळेच राबविले तर ते निराश होते. दुसरी गोष्ट, शिक्षकांपैकी पुष्कळ स्वतः आंधळे असत. नवशिका आपला हात शिक्षकाच्या हातावर ठेवी, आणि ह्यासही दिसत नाही तरी ह्याची टोपली सुबक उतरते, हे त्यास कळे. मग मला येणार नाही, असे म्हणण्यास जागाच उरत नसे.

चौथे, खेळ व करमणूक. तलावात होड्या वल्हविणे, पोहणे, दोरखेच, नाच, गाणे-बजावणे, टिंबांचे पत्ते व बुद्धिबळे, ह्यांस अभ्यासाइतकेच महत्त्व होते. प्रथम लोकांस हे विचित्र वाटे. परंतु पिअर्सन ह्यांचे म्हणणे असे, की तरुण मनुष्य डोळे जाण्यापूर्वी हसत-खेळत होता, तर आता त्याने का हसू नये? आंधळेपणास आपत्ती किंवा दुर्दैव म्हणणे त्यांस मुळीच खपत नसे. ती एक अडचण आहे, आणि अडचणीवर तोड असते, ही त्यांची शिकवण होती. भेटीस येणाऱ्या लोकांनी मुलांसमोर हळहळ करू नये, अशी त्यांची सक्त ताकीद असे.

पाचवी गोष्ट आमच्या मते सर्वांत शहाणपणाची. धंदा शिकून मनुष्य घरी गेला म्हणजे संस्थेने त्यास सोडून दिले, असे होत नसे. त्यास कच्चा माल रास्त दराने पुरविण्याची, त्याच्या कामाची वेळोवेळी तपासणी करून सुधारणा सुचविण्याची, आणि तयार माल विकून देण्याची सोय एका स्वतंत्र खात्याने केली होती. विद्या दिली आणि बाजार दिला नाही, तर शिकलेला मनुष्य दोन वर्षांत पुन्हा ओसरीवर येतो. आमच्या इकडे चांगल्या हेतूने निघालेल्या किती उद्योगशाळा ह्याच एका कारणाने ओस पडल्या, हे जाणत्यांस सांगणे नको.

पिअर्सन ह्यांच्या हयातीत पंधराशेंहून अधिक आंधळे शिपाई ह्या घराच्या छत्राखाली आले. केवळ इंग्लंडचेच नव्हे, तर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांचेही. त्यांस १९१६ साली बॅरोनेट हा किताब मिळाला. त्यांच्या पत्नी लेडी एथेल पिअर्सन ह्यांनी ह्या कार्यात त्यांस मनापासून साथ दिली. १९१९ साली त्यांनी आपल्या अनुभवाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. आंधळेपणावर मिळविलेला विजय, असा त्याच्या नावाचा आशय आहे.

येथवर वाचून कोणी असे समजेल की ह्या कार्यात काहीच उणे नव्हते. तसे नाही, आणि ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. पिअर्सन ह्यांच्या आनंदी बाण्याने पुष्कळांस उभे केले; परंतु दुःख हे दुःखच असते, आणि ज्यास हसू येत नाही त्यानेही हसलेच पाहिजे असे झाले, म्हणजे तो बाणाच ओझे होतो. दुसरे असे, की शिपायांकडे देशाचे लक्ष होते, म्हणून त्यांच्याकरिता पैशाचा ओघ लागला. कारखान्यात, खाणीत किंवा रोगाने आंधळे झालेले लोक शिपायांहून संख्येने कितीतरी अधिक होते. त्यांपैकी पुष्कळ तुटपुंज्या मजुरीवर राबत होते. १९२० सालच्या एप्रिलात असे सुमारे अडीचशे आंधळे कामगार इंग्लंड व वेल्सच्या निरनिराळ्या शहरांतून पायी चालत लंडनला आले. आम्हांस भीक नको, हक्क हवा, हे त्यांच्या चालण्याचे तात्पर्य होते. त्याच वर्षी आंधळ्यांविषयीचा कायदा झाला. त्याने आंधळ्यांस पेन्शन सत्तराव्या वर्षाऐवजी पन्नासाव्या वर्षापासून मिळू लागले, आणि त्यांच्या हिताची तजवीज करण्याचे काम स्थानिक सरकारी संस्थांवर सोपविण्यात आले. दात्याचे औदार्य आणि राज्याचे कर्तव्य ह्या दोन्ही गोष्टी लागतात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

९ डिसेंबर १९२१ रोजी सर आर्थर पिअर्सन आपल्या घरी स्नान करीत असता पाय घसरून पडले. डोक्यास मार लागून ते बेशुद्ध झाले, व टबातील पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते. आंधळ्यांस निर्भय चालावयास शिकविणारा मनुष्य अशा रीतीने जावा, ह्याचे लोकांस फार वाईट वाटले. कित्येकांस असेही वाटले असेल, की पाहा, शेवटी आंधळा तो आंधळाच. परंतु ओल्या फरशीवरून डोळस माणसेही रोज घसरतात, आणि त्यावरून कोणी असे म्हणत नाही की डोळसांनी एकट्याने स्नान करू नये. धोक्याच्या भीतीने ज्याने काहीच केले नाही, तो पन्नास वर्षे सुरक्षित राहील, परंतु तो जगला असे म्हणता येईल काय?

त्यांच्यामागे कार्य बंद पडले नाही, ह्यावरून ते किती भक्कम पायावर उभे होते ते कळते. १९१६ साली सॉमच्या लढाईत दृष्टी गमावलेले इअन फ्रेझर नावाचे तरुण अधिकारी ह्याच घरात शिकले होते. पिअर्सन ह्यांच्यामागून तेच संस्थेचे प्रमुख झाले व पन्नासांहून अधिक वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली. १९३५ साली इंग्लंडात ध्वनिमुद्रिकांवरील बोलकी पुस्तके आंधळ्यांच्या घरोघरी जाऊ लागली, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. कॅनडाचे एडविन बेकर हेही ह्याच घरचे विद्यार्थी. त्यांनी मायदेशी जाऊन १९१८ साली आंधळ्यांची राष्ट्रीय संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. सेंट डन्स्टन्स ही संस्था आजही चालू आहे. २०१२ साली तिने आपले नाव मात्र बदलले.

आता हा दिवा आमच्या देशात कसा आला ते सांगून आम्ही पुरे करितो. महाराष्ट्रात आंधळ्यांचे शिक्षण पिअर्सन ह्यांच्या पूर्वीच सुरू झाले होते. १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी मुंबईस आंधळ्या मुलांची शाळा काढिली. तीच पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपास आली. परंतु प्रौढ वयात आंधळे झालेल्यांस नव्याने जगावयास शिकविण्याची सोय तेव्हा नव्हती. ती दुसऱ्या महायुद्धात झाली. न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी ह्यांची दृष्टी १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत गेली होती, आणि त्यांनी सेंट डन्स्टन्स येथेच पिअर्सन ह्यांच्या नजरेखाली नवे आयुष्य आरंभिले होते. त्याच सर क्लूथा मॅकेंझी ह्यांच्या देखरेखीखाली १९४३ साली डेहराडून येथे आंधळ्या झालेल्या हिंदी शिपायांकरिता सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह उघडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, भारत सरकारने तेथेच प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले, आणि त्याच मुळापासून आजची डेहराडूनची राष्ट्रीय संस्था वाढली आहे. पूर्वी हिंदुस्थानात निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत असत. एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतात निरुपयोगी होई. १९५१ साली सर्व भारतीय भाषांकरिता एकच भारती ब्रेल ठरली, आणि ब्रेल लिपीत एकसूत्रीपणा आणण्याच्या त्या काळच्या जागतिक खटपटीत हेच मॅकेंझीसाहेब अग्रभागी होते. आज एखादी मराठी मुलगी बोटांनी धडा वाचते, तेव्हा तिच्या बोटाखालच्या टिंबांशी त्या लंडनच्या वाड्याचा धागा जुळलेला असतो. १९५२ साली मुंबईस अंधांसाठीची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली, आणि शिक्षण व धंदा ह्या दोन्ही बाबतींत तिने पुष्कळ काम केले आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या गावच्या त्या ओसरीकडे पुन्हा एकदा पाहा. प्रथम, त्या माणसाचे डोळे डॉक्टराने तपासले आहेत काय? मोतीबिंदू असेल तर दृष्टी परत येण्याचा संभव आहे, आणि काचबिंदू असेल तर त्याच्या भावांस व मुलांसही तपासून घ्यावे, कारण हा रोग पुष्कळदा कुळात उतरतो. दृष्टी कायमची गेली असेल, तर त्यास एकदम हजार उपदेश करू नका. त्याच्या वस्तूंची जागा ठरवा व ती मोडू नका. विहिरीपर्यंत किंवा रस्त्यापर्यंत दोरी बांधा. शेंगा फोडणे, दोर वळणे, गुरांस वैरण घालणे, नातवंडांस पाढे म्हणून दाखविणे, जे त्यास पूर्वी येत होते त्यांतले एक काम त्यास परत द्या. आणि त्यात चूक झाली, थोडे सांडले-लवंडले, तर हात धरून काम काढून घेऊ नका. तरुण असेल तर त्यास प्रशिक्षण केंद्रात पाठविण्याची खटपट करा, आणि परत आल्यावर त्याचा माल घेणारे पहिले गिऱ्हाईक आपणच व्हा.

त्याच्या हातात पाण्याचा तांब्या आणून देण्यात माया आहे, ह्यात संशय नाही. परंतु माठ कोठे आहे हे त्यास एकदा दाखवून देण्यात अधिक माया आहे. सर आर्थर पिअर्सन ह्यांनी आपल्या अंधारात हे ओळखले. आपणांस तर डोळे आहेत.